एका जीबीत मुंबई बसते

परभणी जिल्ह्यातल्या तमाम सुजाण नागरिकांना, तसेच परगावाहून येणाऱ्या पाव्हण्यारावळ्यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, परभणी ते झरी हे अंतर इथून पुढं सात गाणी नसून साडेदहा गाणी समजण्यात यावं. पिंगळी पूर्वीप्रमाणे तीन गाण्यांवर कायम आहे. पाथरी एसटीनं सोळा आणि जीपनं वीस. त्या विसांपैकी सहा गाणी जीप भरेपर्यंत जागेवरच वाजतात. ज्यांना ही मापं मान्य नसतील त्यांनी आमच्या गल्लीतल्या निळ्या फाटकाच्या घरी, नाना खिल्लारे यांच्याकडे लेखी हरकत नोंदवावी. हरकत फेटाळली जाईल.

ही घोषणा खुद्द नानांची. मी फक्त दवंडी पिटतो.

नाना माझे शेजारी. उभी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. भावाभावांच्या भांडणात मधोमध उभं राहून, दोन्हीकडच्या शिव्या सारख्या वाटून घेत त्यांनी जिल्ह्यातले निम्मे बांध मोजले. माणूस इतका चोख, की नानांनी रोवलेल्या खुणेवर भांडखोर भाऊसुद्धा नुसते डोळे वटारायचे, हात लावायचे नाहीत. कुणी काहीही विचारलं की नानांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मोजून सांगतो." वहिनींनी जेवायला बसताना विचारलं, "किती पोळ्या वाढू?" तरी, "मोजून सांगतो."

असा हा माणूस जमीन मीटरनं मोजायचा आणि रस्ता मात्र गाण्यांनी.

"सर, मीटरला काय कळतंय ओ?" मी पहिल्यांदा हसलो तेव्हा नाना म्हणाले होते. "चिखल असू द्या, न्हाईतर डांबर, मीटर आपला तेवढाच. गाण्याला कळतंय. खड्डे आले की दोन गाणी जास्ती जातेत. खरं अंतर तेच."

नानांच्या शर्टाच्या खिशाला आधी आगपेटीएवढा, गाण्यांचा काळा प्लेअर लावलेला असायचा. त्याचा चिमटा कधीच तुटला, आता तो सुतळीनं गळ्यात असतो. त्यात एक जीबीचं कार्ड. कार्डात दोनशे गाणी: भीमगीतं, कव्वाल्या, जुनी सिनेमातली, बँडवाल्यांची. प्रत्येक गाणं पाच मिनिटांचं. दहावीस सेकंद इकडंतिकडं नाना माफ करतात. एकदा एक नऊ मिनिटांची कव्वाली आली होती. नानांनी तिला दोन गाण्यांचा दर्जा दिला.

क्रम मात्र ठरलेला. एकदा माझ्या हातून चुकून गाणी उलटसुलट वाजण्याचं बटण दाबलं गेलं. नानांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्यादेखत कुणाच्या शेतात नांगर घातला. "ओ सर! क्रम हलवणं म्हणजे गुपचूप बांध सरकवणं हाय!" तीन दिवस त्यांनी माझ्याकडं शंकेखोर नजरेनं पाहिलं.

क्रम ठरलेला असल्यामुळे पाथरीच्या एसटीत नाना खिडकीकडं न बघता गाव सांगतात. एकदा एका लग्नाला आम्ही मिळून गेलो. डोळे मिटलेले नाना मध्येच म्हणाले, "ढोलकी सुरू झाली. मानवत." मी बाहेर बघितलं. ज्वारीचं उभं रान. विजयी मुद्रेनं मी म्हणालो, "नाना, चुकलात!"

"मी न्हाई चुकलो," नाना डोळे न उघडता म्हणाले, "डायवर चुकलाय. हळू चालवायलाय."

झरीच्या रस्त्याला खड्डे पडले, तेव्हा तर नानांनी अर्जच दिला. कुठल्या कार्यालयात, ते सांगत नाही. 'सदर रस्ता साडेतीन गाण्यांनी वाढला असून तो पूर्ववत करण्यात यावा.' तिथल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला आणि आदबीनं म्हणाला, "साहेब, रस्ता वाढला म्हणता, मग चांगलंच हाय की! लोक अर्ज करून वाढवून मागतेत." रस्ता काही पूर्ववत झाला नाही. म्हणून तर वरची घोषणा.

आता एका जीबीच्या मूळ वादाकडं येऊ. वाद जुना आहे आणि त्याची जागा म्हणजे बसस्टँडसमोरचं सलीमभाईंचं मोबाईलचं दुकान. सलीमभाई नानांच्याच वयाचे, दाढीला मेंदी, जिभेवर साखर. गिऱ्हाइकांच्या कार्डात गाणी भरून देणं हा त्यांचा जुना धंदा. फोनवर फुकट गाणी वाजायला लागल्यापासून तो बसलाच. पण नाना त्यांचे एकनिष्ठ गिऱ्हाईक. दर महिन्याला सलीमभाई नवं कार्ड नाचवत म्हणायचे, "नाना, ये देखो, चौसष्ट जीबी! बारा हजार गाने बैठते."

नाना पेन काढायचे. "बारा हजार गुणिले पाच. साठ हजार मिनिटं. म्हंजी हजार तास. म्हंजी एक्केचाळीस दिवस. सलीम, एक्केचाळीस दिवस बसून मी कुठं जायलोय रे? चंद्रावर?"

"अरे नाना, शौक की बात है."

"शौक न्हाई, गरज बघायची. जेवढा रस्ता, तेवढी गाणी. आपला सगळ्यात लांबचा रस्ता मुंबई. एकशे चव्वेचाळीस गाणी. एका जीबीत मुंबई बसते, आन वर छप्पन गाणी उरतेत. ती गाडी लेट झाल्यावर."

एकदा मी माझा फोन पुढं केला. एकशे अठ्ठावीस जीबी, आत खच्चून गाणी. नानांनी तो हातात तोलला आणि विचारलं, "सर, एवढं घेऊन काल कुठपर्यंत गेलात?"

"काल? दूध आणायला."

"अर्धं गाणं," नाना म्हणाले आणि फोन परत दिला. सलीमभाई इतके हसले, की त्यांना काउंटर धरावं लागलं. त्या दिवसापासून घरात आमच्या सौभाग्यवतीसुद्धा "भाजी मंडई दीड गाणं आहे, जाऊन या" असं म्हणतात. रोग संसर्गजन्य आहे, वाचकहो.

नानांच्या मुलीला, सुजाताला, हा रोग जन्मजात होता. लहानपणी स्कूटरवर नानांच्या मागं बसून ती विचारायची, "बाबा, घर किती गाणी राहिलं?" एसटीत दोघांत एकच इअरफोन, डावा नानांच्या कानात, उजवा तिच्या. पुढं ती शिकायला छत्रपती संभाजीनगरला गेली, तर होस्टेलवरून फोन आला की सुरुवात, "बाबा, बेचाळीस गाण्यांवरून बोलायले." नाना गल्लीत ताठ मानेनं सांगायचे, "पोरगी काय लांब न्हाई. बेचाळीसच." उजवा इअरफोन मात्र तेव्हापासून त्यांच्या छातीवर मोकळाच लोंबतो. विचारलं तर म्हणतात, "एक कान रस्त्यासाठी ठेवावा. हॉर्न ऐकू येतो."

मग सुजाताला बँकेत नोकरी लागली. गल्लीत पेढे वाटले गेले. चार दिवसांनी नेमणुकीचं गाव कळलं: गुवाहाटी.

मी अभिनंदनाला गेलो आणि नेहमीच्या खोडसाळपणानं विचारलं, "काय नाना, गुवाहाटी किती?"

नानांनी पेढ्याच्या रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाले, "लय किलोमीटर हाय, सर."

वाचकहो, पंधरा वर्षांच्या शेजारात नानांच्या तोंडून रस्त्यासाठी किलोमीटर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

सुजाता हैदराबादहून विमानानं जाणार होती. निघायच्या दिवशी आम्ही सगळे फाटकाशी उभे. बॅग गाडीत ठेवून ती म्हणाली, "बाबा, तिथं मी किती गाण्यांवर असंन?"

"विमानानं गेलेलं अंतर धरत न्हाईत," नाना म्हणाले. "मोजणी जमिनीवरूनच होती."

"मग जमिनीवरून सांगा की."

"मोजून सांगतो," नाना म्हणाले. नेहमीचेच दोन शब्द. पण नाना ते म्हणाले फाटकाच्या कडीकडं बघून.

आता अडचण अशी की, नानांना मोजायला जाता येईना. आयुष्यभर उन्हातान्हात मोजणीच्या साखळ्या ओढून मणका गेलेला. डॉक्टरांनी वर्षभर लांबचा प्रवास बंद केला होता. झरीसुद्धा नको म्हणाले होते. सुजाताचा रोज फोन यायचा. नोकरी, खोली, तिथला पाऊस, सगळं सांगून झाल्यावर ती विचारायची, "बाबा, मोजलं का?" आणि नाना म्हणायचे, "चालू हाय काम."

एका दुपारी मी सलीमभाईंच्या दुकानात असताना नाना आले. गळ्यात प्लेअर, हातात रेल्वेच्या वेळा लिहिलेली वही. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "सलीम, एक जीबीपेक्षा मोठं दाखव."

सलीमभाईंच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. मला अर्थातच राहवलं नाही. "का हो नाना, निघालात वाटतं चंद्रावर?"

नानांनी वही उघडली. "परभणी ते मनमाड बहात्तर गाणी. मनमाडला गाडी बदलायची, तिथं बारा गाणी थांबायचं. मग भुसावळ, इटारसी, जबलपूर, पाटणा. पंचावन्न तास धरले. सहाशे साठ गाणी. एकाला पाच एमबी. तेहतीसशे एमबी." त्यांनी वही मिटली आणि एकाएकी त्यांचा जुना ताठा परत आला. "बघा सर! गुवाहाटीसुद्धा चार जीबीत बसती. आता सांगा, तुमी ते एकशे अठ्ठावीस कुणासाठी घेऊन हिंडायलाव?"

मी माझा फोन गुपचूप खिशात घातला.

सलीमभाईंकडं सगळ्यात लहान कार्ड सोळा जीबीचं निघालं. नानांनी ते नाइलाजानं घेतलं. "बाकीचं रिकामं ठीवायचं. पडीक म्हणून," असं त्यांनी बजावलं.

"पण नाना, अंतर तर निघालं," मी म्हणालो. "सहाशे साठ. पोरीला फोन करा आणि सांगून टाका."

नानांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी ते बांध कोरणाऱ्याकडं पाहत असतील. "हे कागदावरचं झालं, सर. जाग्यावर मोजल्याबिगर मी आजवर कुठं सही केलेली न्हाई."

पुढचे पंधरा दिवस गल्लीत वर्गणी चालली होती. गाण्यांची वर्गणी. दोनशे नानांची होती, चारशे साठ कमी पडत होती. माझ्याकडून चाळीस नेली. सलीमभाईंनी दीडशे कव्वाल्या भरल्या. ज्यानं गाणं दिलं त्याला नाना ते पाच मिनिटांत बसतं का, हे विचारत होते.

मग एका शुक्रवारी वहिनी आमच्याकडं आल्या. "भाऊजी, तुमी तरी सांगा ओ त्यास्नी. बॅग भरायलेत. डॉक्टर नको म्हणायलेत, आन ह्यांचं आपलं, जाग्यावर मोजायचं, जाग्यावर मोजायचं. एखाद्या दिवशी न सांगता गाडीत बसतील."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला, की नानांना मी रोखणार. रविवारी दुपारी जेवण उरकून, चार जोरदार मुद्दे मनाशी घोळवत मी निळं फाटक उघडलं. वहिनी अंगणात कुरडया वाळत घालत होत्या.

"नाना आहेत?"

"गेले की," वहिनी म्हणाल्या. "काल सकाळी सहाला निघाले."

माझे चारही मुद्दे अंगणात गळून पडले. "निघाले? आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

वहिनींनी पदरानं तोंडावरचं हसू पुसलं की आणखी काही, मला कळलं नाही. "चपला बाहेर काढा आन हळू या."

आतल्या खोलीत भिंतीला लावलेल्या खाटेवर, खालच्या बर्थवर झोपावं तसे नाना पाय आखडून कुशीवर पडले होते. उशाशी बॅग, खाटेखाली बूट, हाताशी पाण्याची बाटली. प्लेअरला चार्जरची वायर. डावा इअरफोन कानात आणि उजवा उशीच्या मोकळ्या बाजूला, नीट सरळ ठेवलेला.

"काल दुपारी तीनला केळी मागितली," वहिनी कुजबुजल्या. "म्हणाले, भुसावळ आलंय. आठला चहा मागितला, इटारसीचा. मातीच्या भांड्यातच पाह्यजे म्हणे. पणतीत दिला, भाऊजी. काय करती? आज सकाळपसून निस्ते पडून हायेत. झोप लागली का काय, बघा बरं."

मी पुढं झालो. नानांच्या ओठांची हालचाल चालू होती. झोपले नव्हते, मोजत होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

नाना दचकले. डोळे उघडले, मला पाहिलं, लगबगीनं पाय आणखी आखडून खाटेवर जागा केली आणि गच्च भरलेल्या डब्यात ओरडावं तसं ओरडले, "बसा बसा सर, जागा हाय! पाटणा गेलं मागं! पोरगी आता तीनशेच गाण्यांवर हाय!"