कॅप्टन म्हात्रे यांचे प्रकरण

शुक्रवारी दुपारी एक पन्नासला कॅप्टन म्हात्रे यांचा पोशाख फाटला. ते तेव्हा शनीच्या एका चंद्राजवळ, यानाबाहेर, दोरीला लोंबकळत होते. मधुकर म्हात्रेनं डोळे मिटून दोन फासे टाकले. सात पडले.

"नऊ लागतात," वामनराव पुस्तकात बघून म्हणाले. "कॅप्टन गेले."

"थांबा!" दिलीप ओरडला. "नवी आवृत्ती येतेय. मेव्हण्याची बोट लागलीय. सोमवारी पुस्तक आणतो, मग बघा ना!"

वामनरावांनी घड्याळ पाहिलं. जेवणाची सुट्टी संपत आली होती. "ठीक आहे. प्रकरण सोमवारपर्यंत प्रलंबित."

वाशीतल्या त्या सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून, डबे आटोपले की, ही तीन माणसं गेली चार वर्षं रोज अवकाशात जात होती. खेळाचं नाव 'ऑर्बिट एट'. दिलीपच्या बोटीवरच्या मेव्हण्यानं तो ऐंशी साली आणला. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. कागदावर एक माणूस रचायचा, त्याला ग्रहांवर धाडायचं, अडचण आली की फासे टाकायचे आणि पुस्तक म्हणेल ते निमूट ऐकायचं. निवाड्याचं काम हेडक्लार्क वामनरावांकडे. आस्थापना शाखेत बावीस वर्षं काढलेला माणूस तो. नियमापुढे त्यांना शनी काय आणि तुर्भे काय, सारखंच.

मधुकर तळवलीहून यायचा. कचेरीत सहा वर्षं तो कनिष्ठ लिपिक होता आणि त्याला हाक मारली जायची ती फक्त हरवलेली फाइल शोधायला. अवकाशात मात्र त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती आणि तो आला की ती उठून उभी राहत. ते कॅप्टनपद गेलं की आयुष्यात नुसत्या फायली उरणार होत्या. दुसरा शनिवार आणि रविवार त्याला घरात काढवेना. भाताला हात लावेना तेव्हा बायको, वैजयंती, घाबरली.

"ऑफिसात काय झालं का?"

"एक मानूस सिरियस हाय," मधुकर म्हणाला.

सोमवारी दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. जुनी म्हणजे तीन पातळ चोपड्या, चित्र एकही नाही, माणूस मारायला अडीच ओळी पुरे. नवी जाडजूड, रंगीत, आणि बुटाची नाडी सुटली तरी तिच्यात त्यासाठी वेगळा तक्ता. मधुकरनं एकोणसाठावं पान काढलं. पोशाख फाटल्यास सहा पडले तरी पुरे. चार आठवडे विश्रांती.

"जगला! जगला ना, वामनराव?"

"घाई नको. एका कलमावर निर्णय होत नसतो. तुलनात्मक तक्ता ठेवा. जुना नियम, सुधारित नियम, अभिप्राय. मग कुठले लागू ते बघू."

मधुकर टाइपरायटरवर बसला. हात आपोआप चालले, आणि घात झाला तो तिथेच. सहा वर्षांच्या सवयीनं त्यानं वर 'विषय : जुने व सुधारित नियम' असं टाइप केलं, मधे अकरा कलमं उतरवली आणि खाली 'मा. साहेबांच्या आदेशार्थ सादर' असं लिहून कागद फाइलला लावला. फाइल वामनरावांच्या ट्रेमध्ये ठेवली. वामनरावांनी बावीस वर्षांच्या सवयीनं न वाचता सही ठोकली. गंगाराम शिपायानं आपल्या सवयीनं ट्रे रिकामा केला.

तीन वाजता मधुकर ट्रेपाशी आला आणि पांढराफटक पडला.

"वामनराव, आपला तक्ता?"

"कुठला तक्ता?"

"शनीचा!"

वामनरावांच्या हातातलं पेन गळून पडलं. "मी त्यावर सही केली?"

"तुम्ही वाचलं नाही?"

"सहीच्या वेळी कोण वाचतं?"

दोघं साहेबांच्या केबिनकडे धावले. दारावर लाल दिवा होता आणि दिव्याखाली स्टुलावर गंगाराम.

"गंगाराम, ती पातळ फाइल बाहेर आण. चुकून गेलीय."

"आता कशी आणू? तीच पहिली घेतली त्यांनी. पातळ दिसली ना."

सरकारी टाइपरायटर, सरकारी कागद, सरकारी वेळ. कॅप्टन राहिला बाजूला, आता म्हात्रेच सस्पेंड होणार होता. एवढ्यात आतून घंटी वाजली. गंगाराम आत जाऊन लगेच परत आला.

"म्हात्रे, तुमाला बोलवलंय. एकट्यालाच."

साहेबांच्या एका कानाला फोन होता. पलीकडून कुणी तरी बराच वेळ बोलत असावं, कारण साहेब मधूनच 'हं' म्हणत होते.

"म्हात्रे, हे 'यानाबाहेर असताना' म्हणजे?"

"जीप, साहेब," मधुकरच्या तोंडून निघून गेलं.

"हं. आणि 'हवा संपल्यास'?"

"टायरमधली."

"जुन्या नियमात हवा संपली तर मृत्यू?"

"जुने नियम जरा कडक होते, साहेब."

"इंग्रजांच्या वेळचे दिसतात. आणि अजून चालू ठेवलेत आपण! लाज वाटायला हवी." साहेबांनी फोनवर आणखी एक 'हं' टाकला आणि पेन उघडलं. "नव्यात विश्रांती दिलीय, हे माणुसकीला धरून आहे. मंजूर." सही झाली. मग काहीतरी आठवून त्यांनी सहीखाली आणखी एक ओळ लिहिली. "जा."

मधुकर रेकॉर्ड रूममध्ये शिरला तो जवळजवळ नाचतच. "वाचलो! नोकरी वाचली, कॅप्टन वाचला! साहेबांनी नवे नियम मंजूर केले!"

दिलीपनं त्याला मिठी मारली. वामनरावांनी चष्मा पुसून फाइल हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादा कागद शेवटपर्यंत वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हात्रे, पोशाख कधी फाटला?"

"शुक्रवारी."

"साहेब लिहितात, 'आजच्या तारखेपासून लागू. पूर्वलक्षी प्रभाव नाही. आधीची प्रकरणे जुन्या नियमांनुसार निकाली काढावीत.'"

"अहो, पण तो चुकून गेलेला कागद आहे!"

"सही खरी आहे ना?"

वामनरावांनी कॅप्टनचा चार वर्षांचा, कडा विरलेला कागद पुढ्यात ओढला. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण लाल शाईनं त्यांनी 'दिवंगत' लिहिलंच आणि खाली शुक्रवारची तारीख घातली. मधुकरच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. दिलीप उठून उभा राहिला, म्हणून वामनरावही उभे राहिले. दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

"वारस कोणी?" खाली बसता बसता वामनरावांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सेवेत असताना गेले ना ते. अनुकंपा तत्त्वावर वारसाला घेता येतं."

मधुकरनं नाक पुसलं. कागदावर कॅप्टन अविवाहित होते. त्यानं क्षणभर विचार केला.

"मुलगी आहे," तो म्हणाला. "सगुणा. मंगळावर शिकते."

"अर्ज आणा."

मधुकर टाइपरायटरकडे झेपावला, कागद चढवला, मुलीचं नाव टाइप केलं. "पद काय घालू, वामनराव? कॅप्टन?"

"अनुकंपेवर कॅप्टन होत नाही, म्हात्रे," वामनराव हळूच म्हणाले. "कनिष्ठ लिपिक. तेही जागा निघेल तेव्हा."