सूर्यभानाची पदके बिनदाराच्या घरी आणिली ती मोहीम

श्रीशनैश्चर कृपावंत. परगणे नेवासे, मौजे शनिशिंगणापूर, येथील माळवस्तीचे कीर्तिशेष सूर्यभानजी यांची युद्धपदके अर्धशतकाहून अधिक काळ सरकारच्या कोठारी अडकून पडिली होती, ती चिरंजीव राजमान्य राजेश्री रंगनाथराव यांणी कोण्या हिकमतीने सोडवून आणिली, याची हकीकत सावध चित्ते ऐकावी. मध्ये चहास उठू नये.

सूर्यभानजी एकाहत्तर सालच्या लढाईस पश्चिमेच्या मुलखी गेले, आणि जिवंत परतले, आणि मग पदके तेवढी मागे राहिली. सरकाराने धाडिली नाहीत, त्यांणी मागितली नाहीत. धाकटे बंधू अंगदराव यांणी मात्र पारावर बसून उभी हयात एकच तोफ डागिली की, आमचे दादा कसचे लढतात, कोठे छावणीत बसून भाकऱ्या थापीत होते. गाव हसे. सूर्यभानजीही मिशीत हसत आणि उठोन जात. गतसाली ते कैलासवासी जाहले, तेव्हा दहाव्याच्या दिवशीही ही तोफ उडाली, ती मातोश्री कडूबाईसाहेबांच्या वर्मी लागली. ते समयी त्यांणी रंगनाथरावांस फर्मान दिधले की, "तुज्या बापाचे बिल्ले आनून दाव. तवर माझ्याशी बोलू नगं."

रंगनाथराव तेल, काळे कापड आणि रुईच्या माळा विकणारे असामी. भाविकांशी भाव करिताना वाघ, परंतु सरकारी खिडकी पाहिली की पाऊल मागे. तथापि मातोश्री ताट वाढून पाठ फिरवीत, आणि आईच्या अबोल्याने त्यांचे अन्न गोड लागेना. मग शनिवार धंद्याचा म्हणोन टाळून, मोटारसायकलीवर खासा स्वारी निघाली, आणि घोडेगावी चहाचा मुक्काम करून नगरास सैनिकांच्या कचेरीत दाखल जाहली. तेथील कारकून जुना हवालदार, दिलदार मनुष्य. त्याणे दाखले, आधारकार्डे, छायाचित्रे यांचा नजराणा रुजू करून घेतला, आणि अर्ज फौजेच्या दूरदेशीच्या दप्तरखान्यास रवाना केला, आणि मग वाट पाहणे नशिबी आले.

अखेर पदके टपालाने निघाली. ते दिवशी बदलीवर आलेला कोणी परमुलखीचा टपालवाला वस्तीवर ठाकला. पाहतो तो चौकट आहे, पडदा आहे, दार नाही. शनिमहाराजांच्या गावी घरास दार लावीत नाहीत, हा रिवाज त्यास ठाऊक नव्हता. ठोठावावे कशावर? पडद्यास हाक मारणे त्याच्या शिस्तीत बसेना. मातोश्री मागल्या अंगणी गोवऱ्या थापीत होत्या, रंगनाथराव दुकानी. मग त्याणे मोबाईल काढून परतीच्या कारणांची कलमे न्याहाळिली, आणि त्यांतले "दार बंद" हे कलम दाबून पदके आलिया वाटेस लाविली.

हे वर्तमान दुकानी मोबाईलवर येताच रंगनाथरावांणी मोठ्याने वाचिले, ते शेजारी बसलेल्या अंगदरावांणी ऐकिले. पदके गेली याचे कोणास काहीच नाही, परंतु दार या शब्दाने गाव पेटले. रंगनाथाने दार बसविले! घटका न लोटता पंचमंडळी वस्तीवर चालून आली, आणि चौकटीस बिजागरीची भोके धुंडाळिली, आणि पडदा झाडून पाहिला, आणि खाटेखालीही दार सापडेना तेव्हा कोपाचा रोख टपालाकडे वळला. अंगदराव गरजले, "आमच्या गावात दार हाय म्हनतो? देवाच्या कानावर गेलं म्हंजी?"

मग दोन जीपगाड्या आणि एक टेम्पो ऐसा सरंजाम होऊन कूच जाहले. आघाडीस अंगदराव, पिछाडीस रंगनाथराव. टपालाच्या कचेरीस वेढा पडला. साहेब पदकांचा कागद घेऊन सज्ज, तो मंडळी एकमुखे वदली की, पदकांचे मागाहून पाहू, आधी आमचे दार खोडा. साहेब गांगरले. ते समयी रंगनाथराव गर्दीच्या रेट्याने थेट खिडकीशी येऊन आदळले, आणि कोठले अवसान आले न कळे, बोलिले, "सायेब, दार न्हाईच. पन माझी आई वाट बघती. ती माझ्याशी बोलंना झालीया." मग साहेबांणी हुकूम केला की, पुडके वाटेतून माघारी फिरवावे, शेरा रद्द करावा, आणि टपालवाल्याने अंगणात उभे राहून मोठ्याने हाक मारावी.

तैसेचि जाहले. हाक आली, पुडके आले, अवघे गाव अंगणी लोटले. चष्मा अंगदरावांपाशी, म्हणोन वाचावयाचा मान त्यांस. चांदणीच्या आकाराचे पश्चिम आघाडीचे पदक पालथे करून त्यांणी नंबर वाचिला, नाव वाचिले, आणि हुद्दा वाचिला तो कुक. कोणी फिदकन हसले. रंगनाथरावांचा चेहरा उतरला. एवढी मोहीम करून काकांचीच तोफ खरी ठरली.

कडूबाईसाहेब मात्र पदर सावरून पुढे जाहल्या. "व्हय, भाकऱ्याच थापल्या. खंदकात बसून. वरनं गोळं पडत हुते, आन ह्यो मानूस पोरांची प्वाटं भरीत हुता. चांदनीचा बिल्ला तिकडं आघाडीवर गेलेल्यालाच भेटतो, भावजी."

अंगदराव म्हणाले, "मग दादा कदी बोलला का न्हाई?"

"तुमी हसायचा. हसू दे म्हनायचे, धाकटा हाय."

अंगदरावांस उभ्या जागी रडू कोसळले, आणि त्यांणी डोळे पुसावयास चष्मा काढिला तो पुन्हा चढविलाच नाही. मातोश्रींणी रंगनाथरावांच्या पाठीवरून हात फिरविला, आणि "चल, जेवून घे" म्हणोन स्वतः समोर बसोन वाढिले. बाहेर अंगदराव पदक तळहाती घेऊन निघाले, आणि वस्तीतील एकेका चौकटीशी थांबोन हाक घालू लागले, "बगा वं, माझा दादा थितं हुता."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पदके दोन दाखल, मनुष्यहानी नाही. हे जैसे घडले तैसे लिहिले, वाचणाराने उणे-अधिक सांभाळून घ्यावे. अंगदराव अद्याप घरी परतले नाहीत, अजून खालची आळी राहिली आहे.