सुबाभळीच्या पुंडाईचे पारिपत्य

आदौ मातीस मुजरा, मग गुलाबास नमन, आणि मग घडले वर्तमान यथास्थित लिहितो. पदरचा मीठमसाला घातला असेल तर लिहित्याच्या जिभेस फोड येवो.

आईसाहेब, शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, यांची राजधानी म्हणजे घरामागील गुलाबांचा वाफा. तेथे दुसऱ्याचे खुरपे चालत नसे. सूनबाई पेशाने दातांच्या डॉक्टर, लग्न होऊन घरात रुळल्या, परंतु त्यांसही वाफ्याचे दर्शन कुंपणाबाहेरूनच. पुढे आईसाहेबांचे गुडघे फितूर जाहले, खाली बसवेना, आणि ही खबर शेजारच्या सुबाभळीस कोणी दिली न कळे, तिने भिंतीवरून शेंगा फोडून बियांचा ऐसा मारा केला की, पाहता पाहता गुलाबांच्या पायाशी रोपट्यांची बेसुमार फौज उतरली आणि खतपाण्याची रसद परस्पर लुटू लागली.

तेव्हा आईसाहेबांचे यजमान तात्यासाहेब कात्री परजून चालून गेले आणि गनिमाची मुंडकी छाटून, फत्ते जाहली म्हणोन चहा मागते जाहले. परंतु मुळे भुईत शाबूत, सबब थोडक्याच दिवसांत एकेका धडास दोन दोन मुंडकी फुटली. मग तात्यासाहेब हातांनीच उपटावयास गेले, तो माती वाळून दगड, देठ तुटून मुठीत, आणि त्याच त्वेषात चष्मा नसता आणिक एक रोप उपटले, ते काटा रुतल्यावर कळले की स्वपक्षाचेच गुलाबाचे नवे कलम कामी आले. आईसाहेबांनी खिडकीतून फर्मान सोडिले, "व्हा आधी बाजूला! पुन्हा वाफ्यात पाय टाकाल तर याद राखा!" तात्यासाहेब सोफ्यावर नजरकैदेत गेले.

त्या दिवशी आईसाहेब जेवल्या नाहीत. वाफा मोडून फरशी घालावी, ऐसे निर्वाणीचे बोलल्या. ते ऐकून सूनबाई धीर करून म्हणाल्या, "आई, मी बघू का?"

"गुलाब आहेत ते. दाढा नव्हेत."

"मुळासकट काढायचं आणि शेजारच्याला धक्का लागू द्यायचा नाही. मी रोज दुसरं काय करते?"

यावर आईसाहेबांनी कुंपणाचे दार आपल्या हाताने उघडून दिले, हे या घराण्यात प्रथमच घडले.

मग सुटीचा दिवस पाहून सूनबाईंनी सकाळीच वाफ्यास नळीने भरपूर पाणी सोडिले, भूल चढावी तैसे ते खोलवर मुरू दिले, आणि मग गुडघे टेकून, रोपटे अगदी मातीलगत धरून, किंचित हलवून सरळ वर ओढिले, तो सोटमूळ शेपटासह बाहेर! आईसाहेब खुर्ची टाकून देखरेखीस बसल्या होत्या, त्या पुढे सरकल्या. सूनबाई एकामागून एक गारद करीत चालल्या आणि सवयीने रोपट्यांस म्हणो लागल्या, "घाबरायचं नाही हं, जरासं ओढल्यासारखं वाटेल." हे ऐकून आईसाहेबांस ऐसे हसू फुटले की खुर्ची डगमगली.

शेवटी जुन्या गुलाबास बिलगून गनिमाचा सेनापती उरला, अंगठ्याएवढा जाड. सूनबाईंनी जोर केला, तो हलेना. तेव्हा आईसाहेब गुडघ्यांची तमा सोडून वाफ्यात उतरल्या, सूनबाईंस कमरेस धरिले, आणि "ओढ गं!" ऐसी गर्जना होताच सेनापती उखडला, आणि सासू, सून व सेनापती तिघे चिखलात उताणे. तात्यासाहेब नजरकैद मोडून धावत आले, तो दोघी हसतात आणि कोणीच उठत नाही.

मग आईसाहेबांनी चिखलाच्या हातांनीच सेनापतीचे छायाचित्र काढून आपल्या धाकट्या बहिणीस पाठविले आणि खाली लिहिले, "आमच्या सुनेने काढला. एकटीने."

येणेप्रमाणे मुलूख निष्कंटक जाहला. काटे उरले ते गुलाबांचे, ते बहाल. शेंगांच्या फांद्या छाटण्याचा तह शेजाऱ्यांशी ठरला. खुरपे सूनबाईंस वंशपरंपरा दिले. तारीख लिहावयाची राहिली. धुणे मात्र त्या दिवशी फार निघाले, आणि ते तात्यासाहेबांनी वाळत घातले.