मौजेचं माहेर

सुखदेवतात्यांकडून वांगी घ्यायची, तर आधी एखाद्या शब्दाचं माहेर सांगावं लागे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि माझी बदली पिंपळगाव राजाच्या शाळेत झाली होती. पहिल्याच बाजाराला तात्यांनी तराजू हवेत धरून ठेवला. "गुरुजी, बटाट्याचं माहेर कोनतं?"

"शेत," मी म्हणालो.

"पिकाचं नाही हो, शब्दाचं! पोर्तुगीज हाय तो. काय शिकोता पोट्ट्याईले?"

मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली. तात्यांना त्याचं काही नाही. शब्द म्हणजे घरात आलेल्या सुना, कुठल्या त्या माहीत नकोत का, असं त्यांचं म्हणणं.

कमल त्यांची एकुलती एक मुलगी. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला परत पाठवलं. वर्षभर ती धड बोलली नाही. मग एका नागपंचमीला लिंबाच्या झोक्यावर बसली आणि खळखळून हसली.

संध्याकाळी पारावर कुणीतरी म्हणालं, "नवऱ्यानं टाकली, अन् मौज करून राह्यली!"

तात्या तिथंच बसले होते. दुसऱ्या दिवशी भाजी तशीच टाकून खामगावला गेले, एका उर्दूच्या मास्तरांकडे. परतले ते थेट पारावर.

"मौज शब्द अरबी हाय. मौज म्हंजे लाट. पान्यावर उठते. तिले कोनी इचारते का, काऊन उठली म्हून?"

तंबाखू मळणारे हात थांबले.

घरी कमलनं विचारलं, "बाबा, तुमी लाट पाह्यली का कधी?"

तात्या गडबडले. "ना बा."

पुढच्या रविवारी दोन एस.टी. बदलून आम्ही तिघं लोणारला गेलो. मी कशाला? तर "पान्याचा भरोसा नाही, शिकेल मानूस संगं असलेला बरा." उतार उतरून सरोवराकाठी पोचलो. वाऱ्याची झुळूक नाही, पाणी निपचित. तासभर बसलो. शेवटी तात्यांनी शरमून एक खडा टाकला. इवलंसं वर्तुळ उठलं आणि विरलं.

"हेच का बाबा लाट?" म्हणत कमल इतकी हसली की पोट धरून खालीच बसली.

तात्यांनी तोंड माझ्याकडे फिरवलं. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"या पान्याचा वास लय उग्र हाय, गुरुजी," ते म्हणाले, आणि दुसरा खडा शोधायला वाकले.