उजवी पाकळी

मी कोण आहे, हे मी अकरा दिवसांत शोधून काढणार होतो! एकोणीसशे एकोणऐंशीची मे महिन्याची सुट्टी. गुंजीजवळच्या आमच्या गावात मी शाळेचा योगाचा मास्तर. शीर्षासनात मला अख्ख्या तालुक्यात तोड नव्हती. आता आत्मा तेवढा सापडायचा राहिला होता.

"गावाबाहेरच्या फणसाखाली बसणार. बोलणार नाही, हलणार नाही!" मी बायकोला, मालुबाईला, ठणकावून सांगितलं.

"बसा की! पर अवो, माज्या तिघी भैणी पोरंबाळं घेऊन यायच्या हायत."

"संसाराचं मला सांगू नकोस!" म्हणालो आणि निघालो.

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी गावातला भावकू आला. त्याची म्हैस हरवली होती. आता आमच्याकडे अडलंनडलं की देवीला कौल लावायची रीत. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देऊळ पडलं दोन मैल लांब, आणि मी तर समोरच दगडासारखा बसलेला! भावकूनं माझ्याच खांद्यांवर जास्वंदीच्या पाकळ्या लावल्या.

"म्हस वड्याकडं गेली आसंल तर उजवं दे बाबा!"

तेवढ्यात उजव्या दंडाला मुंगळा चावला. पाकळी पडली. आणि ती सटवी म्हैस खरंच ओढ्यात डुंबत होती!

दुसऱ्या दिवशी रांग! कुणाची विहीर, कुणाचा दुखरा गुडघा. खरं सांगू? मला गोडच वाटत होतं. पण मी शिंकलो, डावी पडली आणि गुंडूचं ठरलेलं लग्न मोडलं. उचकी लागली आणि तीच सोयरीक पुन्हा जुळली! दुपारी उठायला गेलो, तर म्हातारा मष्णू खांदे दाबून म्हणाला, "बसा देवा! आजून बारा जण हायत."

सातव्या दिवशी मष्णूनं माझ्याभोवती कट्टा बांधायला चिरे आणले. आत्मा गेला चुलीत, मला घरी जायचं होतं! मालूच्या हातची भाकरी आठवून डोळे भरून आले. पण मौन मोडलं असतं, तर गाव जन्मभर हसलं असतं.

इतक्यात रांगेत मालू! तिनं वाकून नमस्कार केला, पाकळ्या लावल्या आणि डोळे मिटले.

"मोट्यानं इचार गं," मष्णू म्हणाला.

"मनात धरलंय मी."

बिचारी! नवरा घरी यावा, दुसरं काय मागणार? मी उजव्या खांद्याला असा हिसडा दिला, की पाकळीच काय, खांदाही निखळला असता!

"उजवं पडलं!" गाव ओरडलं.

मी ताडकन उठलो. "चल गं, घरी!"

"बसा खाली!" मालू म्हणाली. "देवाचा शबुद मोडू नगासा. सुट्टी संपस्तवर तुमी हितंच ऱ्हावं, आसं मागितलंतं मी. घरात सतरा माणसं झाल्यात, पाय टाकायला जागा न्हाय!"

मी गपगुमान बसलो. अकरा दिवस लागलेच नाहीत हो! मी कोण, ते सातव्याच दिवशी कळलं: अठरावा माणूस.