रा नावाचा तांडेल

उशिरा आल्याबद्दल सूर्याची कानउघाडणी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रोज पहाटे खैतानमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर तो लुंगी खोचून, कमरेवर हात ठेवून पूर्वेकडे तोंड करून उभा असायचा. लाल गोळा जरा वर आला की ओरडायचा, "आलास? कालच्यापेक्षा उशीर केलास! वारा पडला होता काय रे?"

उन्हाळ्यात अख्खं कुवेत गच्चीवर झोपायचं, त्यामुळे माझी खाट तिथून चार हातांवर. आणि मी मुळात उशिरा उठणारा, उठल्यावरही तासभर कुणाशी न बोलणारा माणूस.

"चाचा, तुमचा सूर्य तुम्हाला लखलाभ. मला झोपू द्या की!"

"झोपा ना. मी त्याच्याशी बोलतोय, तुमच्याशी कुठं बोलतोय?"

बरं, जून सरला की सूर्य रोज खरोखरच किंचित उशिरा उगवतो. त्यामुळे वाद घालायचीही सोय नव्हती.

हे इसाक तांडेल. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. बाप तांडेल, आजा तांडेल, म्हणजे होडीवर शेवटचा शब्द ज्याचा, तो. एकोणीसशे साठच्या आगेमागे ते मीना अल-अहमदीच्या बंदरात टगवर होते. डोंगराएवढी तेलाची जहाजं ढकलत धक्क्याला लावायची, हे त्यांचं काम. मी साताऱ्याचा कुलकर्णी, त्याच कंत्राटदाराच्या कचेरीत टायपिस्ट. जागेच्या टंचाईनं आम्हाला एका खोलीत आणून टाकलं, एवढंच आमचं नातं.

"दर्या काय मस्करी हाय?" हे चाचांचं पालुपद. चहात साखर कमी पडली, कंपनीची बस चुकली, माझ्या शर्टाचं बटण तुटलं, की लगेच "भाऊ, दर्या काय मस्करी हाय?" बटणाचा आणि दर्याचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं. त्यावर मला अर्धा तास शिडाच्या दोरीबद्दल ऐकावं लागलं. पुन्हा विचारलं नाही.

कुवेतवर त्यांचा मुख्य आक्षेप उकाड्याचा नव्हता, वाळूचा नव्हता, दिशांचा होता. "उलटा देश हाय हा, भाऊ. आमच्याकडं सूर्य डोंगरातनं निघतो आणि दर्यात बुडतो. इथं दर्यातनं निघतो आणि वाळूत जाऊन रुततो. ही काय रीत झाली?"

या आक्षेपाचं निरसन तळमजल्यावरच्या उस्ताद शुक्रींनी केलं आणि माझ्या झोपेचं वाटोळं झालं. उस्ताद इजिप्तचे, दस्मानकडच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. गोलमटोल, हसरे, आणि बोलायला लागले की चहा गार होईपर्यंत न थांबणारे. थोडं इंग्रजी, बाजारातलं हिंदी आणि उरलेले हातवारे, यावर त्यांचा आमच्याशी संसार चालायचा. एका शुक्रवारी त्यांनी एक पुस्तक उघडून चाचांपुढे ठेवलं. त्यात एका होडीचं चित्र होतं. होडीत ससाण्याच्या तोंडाचा एक माणूस बसलेला, त्याच्या डोक्यावर लाल थाळी.

"हा रा," उस्ताद म्हणाले. "आमच्या जुन्या लोकांचा सूर्यदेव. रोज होडीत बसून आभाळ पार करतो."

"तोबा तोबा! देव एकच," चाचा म्हणाले. आणि मग चित्र डोळ्यांजवळ नेत, "पण होडी कुणी बांधली?"

झालं. देव म्हणून त्यांना 'रा'शी काही देणंघेणं नव्हतं. पण होडी चालवतो म्हणजे आपल्यातला माणूस, आणि आपल्यातल्या माणसाच्या चुका काढायचा हक्क असतोच.

"हा असा मखरात बसून काय राहिलाय? तांडेल मागं सुकाणूवर पाहिजे."

"सुकाणूवर दुसरा देव आहे."

"खलाशी किती?"

"सात-आठ. सगळे देवच."

"सगळे देव? मग काम कोण करतो?"

उस्ताद हसून हसून लाल झाले. चाचा मात्र गंभीर. ससाण्याचं तोंड त्यांना पसंत पडलं. तांडेलाला नजर तशीच लागते, म्हणाले. पण संध्याकाळी रा दिवसाची होडी सोडून रात्रीच्या होडीत चढतो, हे ऐकून ते उठून उभेच राहिले. "भर पाण्यात होडी बदलतो? सामान? पिण्याचं पाणी?" पाताळात रोज रात्री एक महासर्प होडी गिळायला येतो, याचं त्यांना काहीच वाटलं नाही. "साप नाय तो, भोवरा. आमच्या खाडीच्या तोंडाला हाय तसला. ओहोटीला जायचंच नाय तिथनं."

"पाच हजार वर्षं झाली ही गोष्ट सांगतायत लोक!" उस्ताद शेवटी चिडून म्हणाले.

"पाच हजार? आणि होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस किती वेळा भरला?"

पण त्या रात्री खाटेवर पडल्या पडल्या चाचांना एकदम उलगडा झाला. मला हलवून उठवलं त्यांनी. "भाऊ, जमलं! आमच्याकडं दर्यात बुडतो, रातभर खालनं होडी मारतो आणि सकाळी इथं दर्यातनं वर येतो. उलटा देश नाय हा. आमच्याच बंदरातनं सुटतो तो, इथं लागतो!"

मला कुठं गप्प बसवतंय? दुसऱ्या दिवशी मी एक संत्रं आणि कंदील घेऊन पृथ्वीचं फिरणं समजावून सांगितलं. संत्र्यावर रत्नागिरी दाखवली, कुवेत दाखवलं. सूर्य तुमच्याकडे बुडाला की रात्रीतून मागं इकडे येत नाही, उलट इथल्या वाळूवरूनच पुढे जातो आणि सगळ्या जगाला वळसा घालून येतो, हे पटवलं. चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्या हातातली पृथ्वी घेतली, सोलली आणि अर्धी मला देऊन अर्धी खाल्ली.

"तुमचं गणित बरोबर असेल, भाऊ. पण तुम्ही कधी दर्यात गेलाय काय?"

तेव्हापासून ही पहाटेची हजेरी सुरू झाली.

चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकोला, जैनबीला, त्यांची पत्रं मी लिहायचो. तिकडून गावातले गुरुजी तिच्यासाठी उत्तर लिहायचे. त्या वर्षी पत्रांना फार महत्त्व आलं होतं. त्यांची एकुलती एक लेक सकीना, तिला लग्नानंतर सात वर्षांनी दिवस गेले होते. चाचांनी रजा मागितली, तर साहेब म्हणाले, बदली तांडेल मिळेपर्यंत नाही. बदली कुठली मिळतेय? त्या दिवशी "दर्या काय मस्करी हाय" हे एकदाही ऐकू आलं नाही.

त्यानंतरचं पत्र सांगताना ते माझ्या खाटेच्या कडेला बसले होते. "सकीनाला जड उचलू देऊ नकोस" झालं, "सुईणीला आधीच सांगून ठेव" झालं. मग जरा खाकरून म्हणाले, "आणि लिहा, रोज मगरिबच्या नमाजाआधी धक्क्यावर जाऊन उभी राहा. सूर्य बुडायच्या आधी काय असेल ते त्याला सांग. सकाळी मला इथं कळेल."

मी पेन हातात धरून नुसता "हं, हं" म्हणालो. ही असली ओळ माझ्या अक्षरात जाणार, गावातले गुरुजी ती वाचणार आणि म्हणणार, कोण हा कुलकर्णी? मला लाज वाटली. खरंच सांगतो, लाज वाटली. ती ओळ तशीच सोडून मी खाली "कळावे" लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

मग महिना गेला. सव्वा महिना गेला. पत्र नाही. सकीनाचे दिवस तर भरत आलेले. चाचा पहाटे उठत होते, पण सूर्याला रागवत नव्हते. कान दिल्यासारखे उभे राहायचे. मी डोळे मिटून पडलेला असायचो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इकडे हा माणूस रोज ऐकायला उभा, आणि तिकडे कुणी बोलतच नाही. का, तर मला लाज वाटली.

त्यातच धुळीचं वादळ आलं. इथले लोक त्याला तोज म्हणतात. तीन दिवस आभाळ नाही, सूर्य नाही, समोरचं घरसुद्धा नाही. खबूसच्या, म्हणजे इथल्या रोटीच्या, प्रत्येक घासाला दातांखाली वाळू. आम्ही खोलीत कोंडून घेतलेलं, पण चाचा तोंडाला फडकं बांधून पहाटे वर जायचेच.

"चाचा, खाली या! काही दिसत नाही वर!"

"होडी लागली नाय तरी बंदरात माणूस पाहिजे, भाऊ," ते वरून म्हणाले.

उस्ताद शुक्रीसुद्धा हसले नाहीत. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "कुलकर्णी, मी ही गोष्ट सांगायला नको होती का?" गोष्टीत काहीच खोट नव्हती.

चौथ्या दिवशी धूळ बसली. मी आपण होऊन पहाटे गच्चीवर गेलो. सूर्य तांब्याच्या ताटासारखा वर आला. चाचा हळूच म्हणाले, "आलास बाबा?" बस, एवढंच.

आणि त्याच दुपारी कचेरीत पत्र आलं. मी ते हातात घेऊन धावतच बंदरावर गेलो. टगच्या कठड्याशी चाचा उभे होते. पाकीट पाहिल्यावर त्यांनी दोन्ही हात लुंगीला पुसले, जणू त्यांनाच वाचायचं होतं.

"वाचा."

मी वाचलं. "सकीनाच्या अब्बांना जैनबीचा सलाम. गुरुजी आजारी होते म्हणून पत्राला उशीर झाला. अल्लाच्या मेहेरबानीनं आज सकाळी सकीनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मुलीचं नाक तुमच्यावर गेलं आहे, त्याला इलाज नाही."

चाचा मोठ्यांदा हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पुढं वाचा."

मी पुढचं वाचलं. "तुम्ही गेल्यापासून मी रोज मगरिबच्या आधी धक्क्यावर जाऊन उभी राहते. तुम्ही ज्या दिशेनं गेलात तिकडंच सूर्य बुडतो, म्हणून त्याच्याकडं बघून चार गोष्टी बोलते. बायका हसतात. आज त्यालाही सांगणार आहे. पत्र पोचेल तेव्हा पोचेल."

तुम्ही गेल्यापासून. म्हणजे उस्तादांनी पुस्तक उघडायच्या कितीतरी आधीपासून. मला राहवेना. तिथंच, टगच्या इंजिनाच्या खडखडाटात मी कबूल केलं. "चाचा, चुकलो मी. तुम्ही सांगितलेली ती ओळ मी लिहिलीच नव्हती."

"ठाऊक हाय मला."

"ठाऊक आहे? कसं?"

"पेन हललं नाय तुमचं. तांडेल हाय मी. वल्हं पाण्यात पडलं की नुसतं वरच फिरलं, ते कळतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शिकलेले. तुम्हाला लाज वाटली असेल," चाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता. मीच खाली बघायला लागलो.

"आणि ती काही सांगणार नाही, हे माहीत असून रोज पहाटे उठत होतात?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटा धरून नीट पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. "ती सांगो न सांगो, भाऊ. तो तिला बघून आलेला असतो ना!"

संध्याकाळी आम्ही उत्तर लिहायला बसलो. उस्ताद शुक्री बसबूसाची, त्यांच्याकडच्या रव्याच्या मिठाईची, थाळी घेऊन वर आले होते, नात झाल्याबद्दल. चाचांनी सकीनाला काय खायला घालायचं ते सांगितलं, नाकाबद्दल माफी मागितली, सगळ्यांना सलाम सांगितला. मग ते खाकरले आणि माझ्या पेनाकडे बघत राहिले.

मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. लिहिलं, "रोज मगरिबच्या आधी धक्क्यावर जात जा. काय असेल ते त्याला सांग. सकाळी आम्हाला इथं कळतं."