वेठीचा शिमोन

शिवी दिल्याशिवाय शिमोनतात्यांनी कुणाचं भलं केलेलं मला आठवत नाही.

शेळगावात कुणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, की तात्या लांबूनच ओरडत यायचे, "आंधळा हायस का रं? डोळं काय फडात इसरून आलास?" आणि ओरडता ओरडता धोतर खोचून चाकाखाली दगड लावायला बसायचे. काम झालं की हात झटकत म्हणायचे, "वेठ, दुसरं काय!" लग्नाचा मांडव ही वेठ, मयताचा खड्डा ही वेठ, चर्चचे बाक उन्हात टाकून ढेकूण मारणं ही दर उन्हाळ्याची वेठ. आभार मानणाऱ्याला आणखी एक शिवी मिळायची.

'वेठ' हा शब्द त्यांनी थेट शास्त्रातून उचलला होता. येशू क्रूस वाहताना थकला, तेव्हा शिपायांनी शेतावरून येणाऱ्या कुणा शिमोनाला वेठीस धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला, त्या गोष्टीतून. त्या शिमोनाच्या घराण्यात तात्यांनी स्वतःला परस्पर दत्तक घेतलं होतं. प्रेषित पेत्राचं नावही शिमोनच, पण त्याची आठवण करून दिली की म्हणायचे, "त्यो ऐन टायमाला पळाला. आमचा घावला."

एका वर्षी नवे पाळक आले. पोरगेलेसे, इस्त्रीचा झगा घातलेले. गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी त्यांनी सांगितलं, की खरा शिष्य दुःख हसतमुखानं उचलतो. मागच्या बाकावरून तात्या उठले.

"पाळकसाहेब, येक शंका हाय. त्यो शिमोन आपनहून गेला हुता का क्रूस उचलाय?"

"नाही तात्या. त्याला वेठीस धरलं."

"मंग? शेतावरनं घरला निघालेला मानूस. भाकरीची येळ. त्यात शिपायानं मानगूट धरलं. त्यो काय हासत गेला आसंल? त्यानं त्या शिपायाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आसंल!"

"तसं शास्त्रात लिहिलेलं नाही, तात्या."

"लिव्हनारं समदं मास्तर लोक. त्यांनी गाळलं." आणि सगळ्या मंडळीदेखत बोट माझ्याकडे. मी बारामतीच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेलं, दर रविवारी भक्तीला मात्र शेळगावातच येणारा, आणि आमच्या चर्चच्या पत्रिकेचा संपादक.

भक्ती संपल्यावर बायका पारावर बसून आपापले क्रूस मोजायच्या. तात्या त्यात न बोलावता पंच व्हायचे. "सून? सून क्रूस न्हाय, मार्थाबाय. तूच बघून आनलीयास. गुडघा? गुडघा म्हंजे वय." कुणी उपासाचं कौतुक सांगितलं, की हे खिशातून शेंगदाणे काढायचे. "ज्यो आपल्या सोयीनं निवडलाय, त्यो क्रूस न्हाय. नको म्हनताना गळ्यात पडतो त्यो क्रूस. आन् शिव्या दिल्या तरी चालतंय, फकस्त खाली टाकायचा न्हाय." एवढंच त्यांचं धर्मशास्त्र. त्यात त्यांनी कधी भर घातली नाही.

आता माझ्याकडे येतो. टाळून फार वर्षं झाली.

माझी आई शेळगावच्या घरात एकटी राहायची. एका दुपारी ती अंगणात पडली, खुबा मोडला. तिची हाक ऐकू गेली ती खुरपं घेऊन शेतावरून परतणाऱ्या तात्यांना. मी बारामतीहून पोचेपर्यंत त्यांनी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टरशी भांडणही उरकलं होतं. आई घरी आली ती अंथरुणाला खिळूनच. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बायकोची कंबर धरलेली. कारणं सगळी खरी होती. खरी कारणंच फार कामाला येतात. मी म्हणालो, "तात्या, दोन दिवस बघता का?"

ते दोन दिवस दोन वर्षं चालले.

अंघोळ घालायला शेजारची एक बाई यायची. बाकी सगळं तात्यांकडे. सकाळी सातला ते दारातून गरजायचे, "मावशे, जित्ती हायस का?"

"हाय की, मुडद्या. च्या टाक."

मग तिची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, भांडं बाहेर नेऊन धुवायचं, पेज भरवायची. तोंडाचा पट्टा चालूच. "किती जड झालीस गं! पेज खातीस का शिमीट?" आई हसायची. दोन वर्षांत तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. मी रविवारी भक्तीनंतर मोसंबी घेऊन जायचो, तासभर बसायचो आणि पाचची एसटी पकडायचो.

आई गेली. पुढच्या वर्षी गुड फ्रायडेआधीच्या उपासकाळात पाळकांनी मला 'दुःख आणि शिष्यत्व' या विषयावर साक्ष द्यायला उभं केलं. मी आईवर बोललो. "आम्ही तिची कूस बदलली. आम्ही तिला घास भरवले. तो आमचा क्रूस होता आणि तोच आमचा आशीर्वाद ठरला." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला शाल मिळाली. साक्ष पत्रिकेत छापून आली, संपादक मीच. पाळक अजून प्रवचनात 'मास्तरांचा क्रूस' असा दाखला देतात.

खोटं मी एकही वाक्य बोललो नव्हतो. मराठीत 'आम्ही' म्हणजे पुष्कळजण, आणि 'आम्ही' म्हणजे एकटा रुबाबदार 'मी'. मंडळींनी कुठला अर्थ घ्यावा, हे मी आवाजानं ठरवलं होतं. व्याकरण शिकवलेल्या माणसाला ते जमतं. मागच्या बाकावरून तात्या तेवढे मोठ्यानं "आमेन" म्हणाले होते. तो टोमणाच, असं धरून मी सहा वर्षं त्यांची नजर चुकवली.

गेल्या महिन्यात मला अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्यावर सगळ्यात आधी शेळगावची एसटी धरली. तात्या ओट्यावर एकटेच लसूण सोलत होते. त्यांना मूलबाळ नाही. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली.

"आलात व्हय? मेलात म्हनून आवई हुती."

मी बसलो. म्हणालो, "तात्या, त्या साक्षीत मी तुमचं नाव घेतलं नाही. येत्या रविवारी उभा राहून सांगणार आहे."

"काय सांगनार?"

"की सगळं तुम्ही केलंत."

"आवो, सांगितलंत की तवाच. 'आमी' म्हनलात न्हवं? त्यात मी आलोच की." लसणाची पाकळी त्यांनी ताटलीत टाकली. "कुनाच्या घरच्या मान्सात मला कुनी धरलं न्हवतं, मास्तर. लई बरं वाटलं हुतं त्या दिशी. म्हनून तर आमेन म्हनलो."

इथं गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण गप्प बसूनच इथवर आलो होतो. मी म्हणालो, "तात्या, तो 'आम्ही' म्हणजे मी एकटा होतो. तुम्ही त्यात नव्हता."

"व्हय का," तात्या म्हणाले.

त्यांनी लसणाचा पुढचा गड्डा फोडला. समोरच्या फडातून उसाची मोळी घेऊन एक बाई गेली, तिला एक शिवीसुद्धा मिळाली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटचं दोन म्हैनं मावशीला वळख ऱ्हायली न्हवती. मी दारात आलो की म्हनायची, 'वसंता, आलास का रं बाळा?' तुमच्या नावानं."

"मग तुम्ही काय म्हणायचा?"

"काय म्हननार? व्हय म्हनायचो. 'आलो गं आई' म्हनायचो." त्यांनी हातावरची सालं फुंकरीनं उडवली. "तिच्या लेखी रोज सातला तुमीच येत हुता, मास्तर. त्ये काय कुनाला सांगू नका."